पणजोबांचं पहिल्या महायुद्धाचं मेडल सापडलंय, कडेवरचं वाचता येत नाहीये

आजीच्या ट्रंकेत रुमालात बांधलेलं सापडलं. चांदीचं आहे, एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि 1914, 1918. कडेला बारीक अक्षरं कोरलीयेत पण काळी पडलीयेत, पुसटसं ११७ आणि मराठाज एवढंच लागतंय. पॉलिश करून घेऊ का?

उत्तर १
पॉलिश अजिबात नको! घासलं की कडेवरची अक्षरंच जातात आणि तीच खरी किंमत आहे. त्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण असते. खिडकीत उजेड तिरका पडेल असं धरा, मोबाईलने फोटो काढून मोठा करा. हे ब्रिटिश वॉर मेडल, हमालांना वगैरे ब्राँझचं मिळायचं, चांदीचं म्हणजे बहुधा लढणारा शिपाई.

उत्तर २
११७ म्हणजे ११७ मराठाज, ही पलटण मेसोपोटेमियात, आत्ताच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकली होती. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, शेवटी अन्न संपलं आणि शरणागती. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, कितीतरी वाटेतच गेले, काहींना रास-अल-ऐनला (आत्ताच्या सीरियात) रेल्वेच्या कामाला लावलं. पणजोबा तिथे होते की नंतरच्या भरतीतले, ते मेडलवरून कळणार नाही. आजी काही सांगायच्या का?

मूळ प्रश्नकर्ता
कडेवरचा नंबर वाचता आला!! पुढे सिपॉय (म्हणजे शिपाई) आणि पणजोबांचं नाव, स्पष्ट. आजी एवढंच सांगायची की ते परत आल्यावर ताटात एक शीतही ठेवू द्यायचे नाहीत. आत्ता कळतंय.