सेंद्रिय भाजीला दुप्पट पैसे द्यावे का? (नागपूर)

त्रिमूर्तीनगरवाली
घरी दोन लहान मुलं आणि सासूबाई आहेत, त्यामुळे भाजी भरपूर लागते. आतापर्यंत गोकुळपेठ मार्केट नाहीतर बुधवार बाजारातून आणायचो. आता सोसायटीत दर रविवारी ‘ऑरगॅनिक’चा बोर्ड लावून एक गाडी येते, पालक, मेथी, वांगी, टमाटर सगळंच बाजाराच्या दुप्पट भावात. सगळं तिथूनच घ्यायचं म्हटलं तर महिन्याचं गणित बसत नाही. मिस्टर म्हणतात नुसते नावाचे पैसे आहेत, सासूबाई म्हणतात लेकरांच्या पोटात फवारणीचं औषध जाण्यापेक्षा पैसे गेलेले बरे. खरंच फरक पडतो का? आणि सगळं परवडत नसेल तर निदान काय घ्यावं?

धरमपेठकर
ताई, जास्त पौष्टिक म्हणून घेत असाल तर नका घेऊ. २०१२ ला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठवाल्यांनी दोनशेच्या वर अभ्यास एकत्र करून पाहिले, जीवनसत्त्वांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. औषधांचे अंश मात्र सेंद्रिय मालात कमी सापडले. म्हणजे पैसे द्यायचे ते त्याच्यासाठी.

सावनेरचा शेतकरी
ताई, मी भाजीपाला आणि थोडा संत्रा करतो, दोन एकर पूर्ण सेंद्रिय आहे, बाकी नाही. शेतातली गोष्ट सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

वांग्याचं उदाहरण घ्या. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी एकदा आत शिरली की वरून कितीही मारा, तिला काही होत नाही, म्हणून माणूस ती शिरायच्या आधीच फवारत राहतो. आणि वांग्याचा तोडा दर तीन-चार दिवसांनी असतो. औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असते की फवारल्यावर इतके दिवस तोडू नका, पण तितके दिवस थांबलो तर माल निबर होते, भाव जाते, मजुरी अंगावर येते. म्हणून सकाळी तोडा, संध्याकाळी फवारा आणि पुढचा तोडा पुन्हा वेळेवर, असं चालते. भेंडी, मिरचीचंही तेच. फुलकोबीच्या गड्ड्यात शिरलेलं औषध तर धुऊनही नीट निघत नाही. म्हणून पैसे घालायचे तर वांगी, भेंडी, मिरची, फुलकोबी आणि पालेभाजीवर घाला. कोहळं, रताळं, सुरण, चमकोरा (अळू) यांना फवारा कमी लागते, हे बाजारातून बिनधास्त आणा. संत्रं सोलूनच खातो आपण. पावसाळ्यात तरोटा (टाकळा), घोळ या रानभाज्या घ्या, त्याला कोण औषध मारते?

आणि सेंद्रिय म्हणजे काहीच फवारत नाही असं समजू नका. मी पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवतो, गाळून शंभर लिटर पाणी करतो आणि मारतो, दहा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्कही असतो. तरी थोडी अळी राहतेच. सगळी वांगी काचेसारखी गुळगुळीत आणि एका मापाची दिसली तर विचारा, भाऊ, मारता काय?

एक अजून. २०१७ ला यवतमाळमध्ये कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन आपले शेतकरी-मजूर गेले. तुम्ही खाता तो अंश, पण फवारणाऱ्याच्या अंगावर ते सगळंच येते. मला तरी सेंद्रियचं सर्वात मोठं कारण हेच वाटते.

लेबल वाचणारी
भाऊंचं पटलं. त्या गाडीवाल्याला प्रमाणपत्र मागा बरं. पॅकिंगवर ‘जैविक भारत’ची खूण एफएसएसएआयने (केंद्राची अन्न सुरक्षा संस्था) २०१७ च्या नियमात आणली. प्रमाणपत्र दोन प्रकारचं, एक एनपीओपी, त्यात बाहेरची संस्था तपासते, दुसरं पीजीएस, त्यात शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. ‘पीजीएस-ग्रीन’ म्हणजे शेत अजून रासायनिकातून सेंद्रियकडे बदलाच्या काळात आहे, ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ म्हणजे पूर्ण झालं. वर्षाला १२ लाखांपर्यंत विक्री असणारा लहान शेतकरी थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, म्हणून कागद नाही म्हणजे खोटाच असंही नाही. पण मग गाव कोणतं, शेत दाखवाल का, हे विचारा. दुसऱ्याचा माल घेऊन विकणारा असेल तर कागद पाहिजेच.

त्रिमूर्तीनगरवाली
खूप मदत झाली सगळ्यांची. मग वांगी, भेंडी, फुलकोबी आणि पालेभाजी त्याच्याकडून, बाकी बाजारातून, असं करते. बाजारातली मीठ-हळदीच्या पाण्यात ठेवली तर चालेल का? आणि द्राक्षांचं काय, मुलं तेच मागतात.

लेबल वाचणारी
वाहत्या पाण्यात चोळून धुणं सर्वात आधी. मग खायच्या सोड्याचं पाणी, लिटरला दोन चहाचे चमचे, बारा-पंधरा मिनिटं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ मध्ये सफरचंदांवर हे करून पाहिलं, दोन औषधं वरून निघाली, पण सालीच्या आत मुरलेलं राहिलंच. झाडात भिनणारं औषध धुऊन जात नाही. द्राक्षं सालीसकट खातो, म्हणून त्यात पैसे घालाच. आपल्या राज्यातून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचे बागेनुसार नमुने तपासतात, तेव्हा निर्यातीचा तपासलेला माल इथे कुठे मिळत असेल तर सेंद्रियपेक्षा स्वस्तही पडू शकते.

सावनेरचा शेतकरी
आणि ताई, गाडीवाल्याच्या गावाचं नाव कळलं की इथे टाका, सावनेर-कळमेश्वरकडचा असेल तर मी जाऊन शेत पाहून येतो.