बॅरल ऑर्गन शोधायचा तर हिशेबवह्या उघडा

इंग्लंडमधल्या गावच्या चर्चमधला बॅरल ऑर्गन (हँडल फिरवलं की ठरावीक चाली वाजवणारा ऑर्गन) हार्मोनियम आल्यावर गेला कुठे, असं इथे एकाने विचारलंय. कृपया ‘मोडीत निघाला’ असं धरून शोध सोडू नका! काही ऑर्गनांचे पाइप आणि भाता तेच ठेवून त्यांना पट्ट्या बसवल्या गेल्या. त्यामुळे चर्चमधला साधा छोटा ऑर्गनही आतून बघा. हँडलचं बुजवलेलं भोक दिसलं तर काम झालंच.

चर्चवॉर्डनच्या (चर्चचा कारभार बघणाऱ्याच्या) जुन्या हिशेबवह्या बहुधा काउंटी रेकॉर्ड ऑफिसात मिळतात. हार्मोनियम घेतला त्या वर्षाच्या आसपासची जमेची बाजू नीट वाचा, जुनं वाद्य विकलं असेल तर रक्कम तिथेच सापडेल. नॅशनल पाइप ऑर्गन रजिस्टर, म्हणजे ब्रिटनमधल्या पाइप ऑर्गनांची नोंदसूची, तीही चाळा.

सफकमधल्या शेलंडच्या चर्चमध्ये ब्राइसन या ऑर्गन बनवणाऱ्याचा बॅरल ऑर्गन आजही आहे. त्याला तीन बॅरल, प्रत्येकावर १२ चाली. बॅरल म्हणजे पिना ठोकलेलं लाकडी नळकांडं, आणि ते बदलता येतं. म्हणून ऑर्गन गेला तरी एखादा सुटा बॅरल घंटेच्या मनोऱ्यात पडून असू शकतो, तिथे जरूर डोकवा. चालींची यादी चिकटवलेली सापडली तर फोटो इथे टाका, ओळखायला मी नक्की मदत करीन.