गिरणी संपाची आठवण: वृत्तपत्रांच्या फायली की कामगारांच्या मुलाखती?

धागाकर्ती

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील साठाहून अधिक कापड गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तरीही त्याविषयी आज विचारले, तर बहुतेकांकडून एकच वाक्य ऐकू येते, ते म्हणजे "संपामुळे गिरण्या बंद पडल्या". माध्यमे, सामूहिक स्मृती आणि सामाजिक विषमता यांचे नाते तपासणाऱ्या अभ्यासकाने हे वाक्य कोठून आले आणि त्याचा लाभ कोणाला झाला, याचा शोध घेतला पाहिजे, असे माझे मत आहे.

घटनाक्रम या वाक्याला आधार देत नाही. आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९७४ साली झाला, म्हणजे संपाच्या आठ वर्षे आधीच हा उद्योग संकटात होता. जुनी यंत्रसामग्री बदलली जात नव्हती आणि कापडाचे उत्पादन यंत्रमागांकडे सरकत होते. संपानंतर अनेक गिरण्या कमी कामगारांवर कित्येक वर्षे चालल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकण्यास वाट मोकळी केली. त्यात महापालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे ठरवलेले होते. २००१ मधील दुरुस्तीने हे वाटप संपूर्ण जमिनीऐवजी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरते उरले, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. परळ, लोअर परळ, लालबाग या भागांचे आजचे रूप ठरवण्यात या निर्णयांचा वाटा संपापेक्षा मोठा आहे, पण लोकांच्या स्मरणात संप राहिला आणि नियम राहिला नाही.

याचे एक कारण मला बातमी तयार होण्याच्या पद्धतीत दिसते. गिरणीमालकांची संघटना १८७५ पासूनची. तिच्याकडे कचेरी होती, आकडे होते, इंग्रजीत निवेदन देणारी माणसे होती. बुडालेले मनुष्यदिवस आणि घटलेले उत्पादन मोजता येत होते, म्हणून ते छापले जाई. चाळीतल्या खोलीत पगाराविना महिने कसे निघाले, गावी कोणाला पाठवले, कोणते दागिने गहाण पडले, हे मोजून देणारी कचेरी कोठेच नव्हती. कामगार बातमीत येई तो प्रामुख्याने मोर्च्यातला जमाव म्हणून. पुढे त्याच जमिनींवरील मॉल आणि मनोऱ्यांच्या जाहिराती वृत्तपत्रांत झळकू लागल्या.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ साली मांडले की माणूस एकट्याने आठवत नाही, त्याच्या आठवणीला समूहाची चौकट लागते. गिरणगावाची चौकट भोंगा, गिरणीचे फाटक, खानावळ, गावकऱ्यांची खोली आणि व्यायामशाळा यांची होती. ती मोडल्यावर छापील फायलींमधली आठवण तेवढी उरली, आणि ती फायली राखू शकणाऱ्यांची होती. म्हणून माझी मांडणी अशी की या विषयात कामगारांच्या मुलाखती हाच मुख्य पुरावा मानावा आणि वृत्तपत्रांच्या फायलींकडे विषमतेचा एक नमुना म्हणून पाहावे.

दप्तरवाचक

आपल्या घटनाक्रमाशी मी सहमत आहे, निष्कर्षाशी नाही. आपण दिलेली प्रत्येक तारीख कागदावरून आलेली आहे. मुलाखतींमधून ५८ व्या नियमाची दुरुस्ती सापडणार नाही. "संपामुळे गिरण्या गेल्या" हे वाक्य खोडायला आपल्याला फायलीच उपयोगी पडल्या, हे आधी मान्य व्हावे.

यापेक्षा गंभीर अडचण अशी की ते वाक्य खुद्द कामगारही बोलतात. सगळे नव्हे, पण बोलणारे पुष्कळ आहेत. चार दशके वृत्तपत्रांतून, भाषणांतून आणि चित्रपटांतून ऐकलेली गोष्ट माणूस स्वतःची आठवण म्हणून सांगू लागतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. अशा वेळी आजची मुलाखत हा मुख्य पुरावा मानला, तर आपण ज्या माध्यमांच्या प्रभावातून सुटू पाहतो, त्यांचाच प्रतिध्वनी आपल्या ध्वनिमुद्रणात नोंदला जाईल. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत डॉ. सामंत दक्षिण-मध्य मुंबईतून अपक्ष म्हणून निवडून आले. संप सुरू होऊन तीन वर्षे होत आली होती आणि घरे उद्ध्वस्त झाली होती, तरीही गिरणगावाचा समावेश असलेल्या मतदारसंघाने त्यांना निवडून दिले. हा त्या काळाचा पुरावा आहे. आज एखादा वृद्ध कामगार "डॉक्टरांनी आम्हाला बुडवले" असे म्हणत असेल, तर ते १९८४ चे मत आहे की २००६ नंतरचे, हे केवळ मुलाखतीवरून ठरवता येत नाही.

मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचे एक उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. इटलीतील तेर्नी या पोलादनगरीत लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी, नाटोविरोधी निदर्शनाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. अनेक कामगारांनी मात्र त्याचा मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या संघर्षात झाल्याचे सांगितले. ती आठवण चुकीची असूनही अर्थपूर्ण आहे, हा पोर्तेल्लींचा निष्कर्ष मला पूर्ण मान्य आहे. परंतु ती सरकली आहे हे कळायला तारखेची नोंद हाताशी असावी लागते. नोंद नसेल तर १९५३ हेच सत्य ठरते.

आणखी एक मुद्दा व्यवहाराचा आहे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव असणे ही पात्रतेची अट ठेवली गेली. तेथे तिकीट क्रमांक, हजेरीपट, पगारपावती यांनाच किंमत आहे. कागद हा सत्ताधाऱ्यांचा आणि बोलणे हे श्रमिकांचे, अशी विभागणी केली तर आपण कामगाराच्या हातातले एक हत्यार काढून घेतो.

धागाकर्ती

आपण घेतलेले शेवटचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. हजेरीपटावर नाव कोणाचे होते? बदली कामगार सकाळी फाटकाशी उभा राही आणि काम मिळाले तर आत जाई. बदलीवाल्यांना कायम करा, ही संपातल्या प्रमुख मागण्यांपैकी एक होती. ज्या कागदाने त्या काळी त्यांना अर्धवट कामगार ठरवले, तोच कागद चाळीस वर्षांनी त्यांच्या घराच्या हक्काचा न्यायनिवाडा करतो. याला मी पुराव्यातली विषमता म्हणते.

आठवणीवर माध्यमांचा लेप बसतो, हे खरे आहे, पण त्याचा अर्थ मुलाखत निरुपयोगी ठरते असा होत नाही. कौशल्य मुलाखत घेण्यात आहे. "संप का फसला?" असे विचारल्यास ऐकीव उत्तर मिळते. "त्या वर्षी तुमचे गणपतीला गावी जाणे कसे झाले?" असे विचारले की कर्ज, उधारी, मुलांची सुटलेली शाळा हे सारे त्या माणसाचे स्वतःचे बाहेर येते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील शंभर आवाजांवर केलेले काम २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यातला तपशील कोणत्याही फायलीत मिळाला नसता.

रिंगखाते

आपणा दोघांच्याही वादात "कामगार" हा एकच माणूस आहे, आणि तो साचेखात्यातला, म्हणजे विणकाम खात्यातला, सवर्ण पुरुष आहे, असे मला वाचताना सतत जाणवत राहिले.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये दलित कामगारांना विणकामाच्या खात्यात प्रवेश नव्हता. कांडी (सुताची रीळ) बदलताना सुताचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली ही बंदी कामगारांनीच पाळली होती. साचेखात्यात मजुरी अधिक होती. दलितांच्या वाट्याला रिंग खात्यातले, म्हणजे सूतकताईचे, कमी पगाराचे काम येई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर स्पष्टपणे ठेवला. त्यानंतर ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. गिरणगावाच्या गौरवकथेत १९३८ ची एकी सांगितली जाते आणि १९२८ चा प्रश्न गाळला जातो. हे गाळणे मालकांच्या कचेरीने केलेले नाही, कामगार चळवळीच्या स्वतःच्या स्मृतीने केलेले आहे.

स्त्रियांचेही तेच झाले. त्यांच्यावर नायकिणी (स्त्री-मुकादम) देखरेख करीत इतक्या संख्येने स्त्रिया एके काळी गिरण्यांत होत्या. पुढे त्या कमी कमी होत गेल्या, आणि १९८२ पर्यंत "गिरणी कामगार" म्हणताच डोळ्यांसमोर पुरुष येऊ लागला. खानावळी चालवणाऱ्या बायकांना तर कामगार म्हणून कोणी मोजलेच नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, त्यामागे याच बायकांची सावकाराकडची कर्जे होती. संपात उधारीवर जेवू घालणाऱ्या या बायका बुडाल्या, त्यांची पगारपावती कोठे शोधणार?

वृत्तपत्रांवरील धागाकर्तींचा आक्षेप मला मान्य आहे. २००६ साली योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांतल्या निर्णय घेणाऱ्या ३१५ पत्रकारांची पाहणी केली, तेव्हा त्यांत एकही दलित किंवा आदिवासी आढळला नाही. पण हाच प्रश्न मुलाखत घेणाऱ्यांनाही लावावा लागेल. युनियनच्या ओळखीने गेलेला अभ्यासक युनियनच्या कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचतो. त्याच्या यादीत डिलाइल रोडवरच्या बी.डी.डी. चाळींतली बौद्ध कुटुंबे किती असतात, हे पद्धतीच्या प्रकरणात लिहिले जात नाही.

शिवाय दलितांनी आणि बहुजनांनी वृत्तपत्र हे माध्यम परके मानले नव्हते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये "दीनबंधु" सुरू केले आणि नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालवून गिरणी कामगारांचे प्रश्न मांडले. आंबेडकरांच्या १९२० च्या "मूकनायक" आणि १९२७ च्या "बहिष्कृत भारत" यांच्या फायली वगळून "वृत्तपत्रे विरुद्ध कामगार" अशी मांडणी कोणी करत असेल, तर त्याने कोणती वृत्तपत्रे वाचली, हे विचारावे लागेल.

घाटावरचा

एक भर घालतो. संपाच्या काळात हजारो कामगार कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात आपापल्या गावी परतले आणि त्यांतले अनेक पुन्हा मुंबईला गेलेच नाहीत. त्यांची संपाची आठवण शेताच्या वाटणीशी आणि भावाच्या घरात परत येण्याच्या अवघडलेपणाशी जोडलेली आहे. परळमध्ये घेतलेल्या मुलाखती मुंबईत टिकून राहू शकलेल्यांच्या आहेत. डच अभ्यासक व्हॅन वेर्श यांनी संपानंतर लवकरच मुंबईत आणि गावांतही कामगारांशी बोलून नोंदी केल्या होत्या. त्या नोंदींना चाळीस वर्षांच्या माध्यमांचा लेप लागलेला नाही, म्हणून वर चाललेल्या वादात त्यांचे मोल दोन्ही बाजूंनी ओळखायला हवे.

दप्तरवाचक

"रिंगखाते" यांनी मांडलेला "मूकनायक" आणि "दीनबंधु" यांचा मुद्दा माझ्या भूमिकेला बळ देणारा आहे. फायलींमध्ये विषमता आहे, तसाच तिच्याविरुद्धचा आवाजही आहे, आणि आवाज सापडावा म्हणून फायली सर्वांना खुल्या असल्या पाहिजेत. माझा आग्रह एवढाच राहील की कोणतीही मुलाखत तारखांशी ताडून पाहिल्याशिवाय प्रबंधात निष्कर्ष म्हणून येऊ नये.

धागाकर्ती

ताडून पाहण्याला माझा विरोध नाही, पण ताळा दोन्ही बाजूंनी व्हावा. वृत्तपत्राचे कात्रण उद्धृत करताना ती बातमी कोणाच्या निवेदनावरून आली होती आणि त्या दिवशी कामगारांचे म्हणणे छापले होते का, हेही लिहिण्याचे बंधन अभ्यासकावर असावे. मुलाखतीच्या बाबतीत खाते, जात, लिंग आणि सध्याचे राहण्याचे ठिकाण नोंदवावे, ही "रिंगखाते" व "घाटावरचा" यांची अपेक्षा मी स्वीकारते.

अग्रक्रमाबाबत मात्र माझे मत कायम आहे. १९८२ साली पंचवीस वर्षांचा असलेला कामगार आज सत्तरीच्या जवळ आहे, आणि खानावळवाल्या बायका त्याहून वृद्ध आहेत. फायलींचे सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) दहा वर्षांनीही वाचता येतील. हाती असलेला निधी आणि संशोधक विद्यार्थी आधी मुलाखतींकडे वळवावेत, आणि त्यातही सुरुवात रिंग खात्यातल्या कामगारांपासून व गावी परतलेल्यांपासून करावी.