विषय: डिसेंबरात मुंबईहून गाडीने जंगलं, आईलाही घेऊन

सॅन होजेहून

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं तीन आठवडे मुंबईला जातोय. मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठचा. गेल्या उन्हाळ्यात झायन, ब्राइस, ग्रँड टीटन, यलोस्टोन ही इथली राष्ट्रीय उद्यानं दहा दिवस गाडीने फिरलो. परतीच्या वाटेवर मुलीने विचारलं, "आई, तुझ्याकडे असं जंगल आहे का?" मला पटकन उत्तरच देता आलं नाही. माझं माहेर दहिसरचं, बोरिवलीचं नॅशनल पार्क एका स्टेशनावर. शाळेच्या सहलीनंतर मी तिथे एकदाही गेलेले नाही. ते फार लागलं मनाला.

म्हणून यंदा नातेवाइकांकडे जेवणावळी करत बसायचं नाही असं ठरवलंय. विचार असा आहे: मुंबईहून गाडीने मेळघाट, पेंच, कान्हा, ताडोबा आणि परत, नऊ दिवसांत. आईलाही न्यायचंय. ती 71 वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण हौस दांडगी. गाडी आम्हीच चालवावी का? मुलांकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) आहे, तर तिकीट परदेशी लोकांच्या दराने पडेल का? अलीकडे कोणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

बोरिवली पूर्वेहून

अगं, तुझी मेल दोनदा वाचली. मी पंधरा वर्षं तिकडे, आपल्या मराठी मंडळात होते. 2016 साली परत आले, पण मंडळाच्या मेलच्या यादीतून नाव काढायला मन झालं नाही. आता राहते ते नॅशनल पार्कच्या गेटपासून चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे तुझ्या मुलीचा प्रश्न मलाच विचारल्यासारखा वाटला.

आधी स्पष्ट सांगते. नऊ दिवसांत एवढी जंगलं करू नकोस. तिकडे आपण आपल्या गाडीने पार्कमधून जातो, वाटेल तिथे थांबतो, उतरतो, डबा खातो. इकडे वाघाच्या जंगलात गाभा क्षेत्रात स्वतःची गाडी नेता येत नाही. परवान्याची जिप्सी, तिचा ड्रायव्हर, सोबत गाइड. सकाळची एक फेरी, दुपारची एक, आणि आत खाली पाय ठेवायचा नाही. म्हणजे तुमचा गाडीचा प्रवास दोन जंगलांच्या मधला, जंगलातला नव्हे. एकेका जंगलात एकच फेरी करून पुढे पळालात तर मुलांच्या लक्षात राहील फक्त हायवे. दोनच व्याघ्रप्रकल्प धर, पेंच आणि ताडोबा, आणि प्रत्येक ठिकाणी किमान तीन फेऱ्या कर. कान्हा सोडताना मलाही वाईट वाटतं. तिथल्या बारशिंगा हरणांची संख्या 1970 साली 66 वर आली होती आणि तिथून ती परत वाढवली. ते जंगल स्वतंत्र सहलीचं आहे, कोपऱ्यात बसवायचं नाही.

आणि सुरुवात बोरिवलीपासूनच कर. लोक त्याला बागेत जमा धरतात, ते मला अजिबात पटत नाही. साधारण 103 चौरस किलोमीटरचं जंगल आहे ते, आणि त्याच्या तिन्ही बाजूंना शहर. त्यात बिबटे राहतात, पिल्लं वाढवतात. तुळशी आणि विहार ही दोन्ही तळी त्याच जंगलात आहेत आणि मुंबईच्या नळाला त्यांचंही पाणी येतं. पाड्यांवर वारली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, वाघोबाला पूजतात. बिबट्यासोबत कसं राहायचं हे त्यांना कोणी शिकवायला गेलेलं नाही. मुलांना हे नीट सांग. यलोस्टोनमध्ये अस्वलापासून शंभर यार्ड लांब राहा असं पाटीवर लिहिलेलं असतं ना, इकडे ते अंतर माणसं आणि बिबटे रोज आपसांत ठरवतात.

पार्कातल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना सकाळी लवकर जा. आतून बस वरपर्यंत जाते. पायऱ्या आहेत, पण मोठं चैत्यगृह सुरुवातीलाच लागतं, तेवढ्या तुझी आई हळूहळू चढेल. व्हरांड्यात दोन बाजूंना बुद्धाच्या अवाढव्य उभ्या मूर्ती आहेत, आणि आत इतकं गार असतं की त्यांनी तिथेच बसून राहावं. तुम्ही मुलांना घेऊन वर जा. मुलांना मूर्तींपेक्षा पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी दाखव. जवळजवळ प्रत्येक विहारापाशी (भिक्षूंच्या राहायच्या लेण्यापाशी) खडकात खोदलेलं टाकं आहे, आणि वरून येणारं पावसाचं पाणी त्यात उतरावं म्हणून कातळात बोटभर रुंदीच्या पन्हळी कोरल्या आहेत. मी गेल्या नोव्हेंबरात एका पन्हळीवरून बोट फिरवत गेले. दोन हजार वर्षांनंतरही तिचा उतार जाणवतो. तळाशी शेवाळाची एक हिरवी रेघ होती, अजून ओली. शंभरावर लेणी आहेत, सगळी बघायच्या भानगडीत पडू नका.

सोमवारी पार्क बंद असतं, तेवढं लक्षात ठेव. ताडोबा मंगळवारी बंद. त्याप्रमाणे वार जुळव.

आता रस्ता. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 ला पूर्ण सुरू झाला. भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंत 701 किलोमीटर. इगतपुरीचा बोगदाच जवळपास आठ किलोमीटरचा आहे. आठ तासांत नागपूर, असं सगळे सांगतात, आणि रस्ता खरंच सुरेख आहे. पण माझं ऐक, एका दमात जाऊ नका, आणि रात्री तर नकोच. सरळ, एकसारखा, रिकामा रस्ता. डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. काँक्रीट तापतं, जुना टायर वेगात फुटतो. टायर नवे आहेत का आणि हवा बरोबर आहे का, हे निघण्याआधी स्वतः बघा. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचाच, आईंनीसुद्धा. आणि इतकी वर्षं उजवीकडून गाडी चालवल्यावर तुम्ही इथे चालवू नका. ओळखीतला ड्रायव्हर घ्या, त्याच्या राहण्याजेवणाची नीट सोय करा आणि त्याला झोप मिळू द्या. माझी ही एकच कळकळीची विनंती.

वाटेत मेहकरला उतरून लोणारला मुक्काम करा. उल्का पडून झालेलं विवर, व्यास 1.8 किलोमीटरच्या आसपास, आणि आत खारं, अल्कधर्मी तळं. 2020 च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. विवरात उतरायची वाट आईंना जमणार नाही. त्यांनी काठावरून बघावं, मग गावातल्या दैत्यसूदन मंदिरात जावं, ते सपाटीवर आहे. मुलांना एवढं सांग की कान्हेरीचा खडक आणि हा खडक दोन्ही दख्खनच्या लाव्हाचे. मुंबईत माणसाने छिन्नीने कोरला, इथे आकाशातून आलेल्या दगडाने.

ओसीआयचं म्हणशील तर काळजी नको. राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं, स्मारकं यांच्या प्रवेश शुल्कात ओसीआय कार्डधारकांना भारतीय नागरिकांचाच दर आहे. केंद्र सरकारची तशी अधिसूचना आहे, तिची प्रत छापून जवळ ठेव. गेटवरच्या प्रत्येकाला नियम ठाऊक असेलच असं नाही. आणि बुकिंगला जे ओळखपत्र लिहाल तेच मूळ कागद म्हणून न्या. आमच्यासोबत भाच्याची मुलं होती. बुकिंग जुन्या पासपोर्टच्या नंबरावर केलं होतं, आणि मधल्या काळात पासपोर्ट नवे झाले होते. पहाटे साडेपाचला एका गेटवर आम्ही पाऊण तास उभे होतो. बाकीच्या जिप्स्या एकेक करून आत गेल्या. धाकटा रडवेला झाला होता. शेवटी एका वयस्कर वनरक्षकाने दोन्ही पासपोर्ट शेजारी धरून फोटो जुळवले आणि सोडलं. म्हणून सांगते, जुना पासपोर्टही बरोबर ठेवा. बुकिंग आजच बघायला बस. डिसेंबरचे शेवटचे दोन आठवडे सगळ्यात आधी भरतात.

निघण्याआधी घरी ये. आईंना घेऊन ये.

ह्यूस्टनहून

ताई, बोरिवलीच्या ताईंनी सगळं लिहिलंच आहे. मी चंद्रपूरचा, म्हणून ताडोबापुरतं थोडं.

ताडोबा 1955 चं, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. नाव आलं तारू या गोंड प्रमुखावरून. वाघाशी झुंजताना तो गेला असं सांगतात. तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे जत्रा भरायची. माझी आजी बैलगाडीने जायची त्या जत्रेला. मुलांना वाघाआधी तारूची गोष्ट सांगा, कारण ते जंगल आधी त्याच्या देवाचं आहे, मग आपल्या कॅमेऱ्याचं.

आत डांबरी रस्त्याच्या कडेने दगडी खांब दिसतील. गोंड राजांच्या काळी त्यावरून दोर ओढून निरोप पोचवत, असं गाइड सांगतात. जामणी, नवेगाव इथली कुरणं दाखवतील, तिथे हमखास चितळ असतात. ती कुरणं म्हणजे लोकांची शेतं होती. गावंच्या गावं उठून बाहेर वसली तेव्हा तिथे गवत वाढलं, गवतामागे चितळ आले, चितळामागे वाघ. हे मुलांना माहीत असलंच पाहिजे. वाघ दिसला म्हणून आपण टाळ्या पिटतो, पण त्यासाठी कोणीतरी आपलं आंगण सोडलंय.

गाइडला पहिल्याच मिनिटाला सांगा, आम्हाला वाघाच्या मागे पळायचं नाही. त्याचा चेहरा खुलतो, मी पाहिलंय. मग तो गाडी बंद करून थांबतो आणि खरं जंगल ऐकू यायला लागतं. वानराचा खोकल्यासारखा खर्रर्र आवाज झाडावरून आला आणि त्यापाठोपाठ सांबर ओरडलं, तर समजा जवळच आहे. चितळ कधीकधी उगाच ओरडतं, सांबर सहसा नाही. तुमच्या आठ वर्षांच्या पोराला हे एवढं कळलं तरी तो दिवसभर कान टवकारून बसेल. मागच्या वेळी आम्हाला वाघ दिसला नाही. दिसला तो धुळीतला ठसा, इतका ताजा की पंजाच्या कडेची माती अजून ढासळत होती. माझी मुलगी अजून त्याबद्दलच बोलते. रानकुत्र्यांची टोळी, अस्वल, गवा, हे काही कमी नाही. आणि उन्हात चमकणारं पांढरंफटक कांडोळाचं झाड तर नक्की दाखवा.

थंडीचं हसण्यावारी नेऊ नका. उघड्या जिप्सीत पहाटेचं वारं हाडात शिरतं. कानटोपी, हातमोजे, आईंसाठी घरची गोधडी. मोबाइल गेटवर ठेवावा लागतो, त्यामुळे फोटोसाठी साधा कॅमेरा घ्या, आणि दुर्बीण तर हवीच. जिप्सीचे धक्के गुडघ्यांपेक्षा कमरेला जास्त लागतात, म्हणून आईंना पुढच्या ओळीत बसवा, मागे नको. त्यांनी दिवसाला एकच फेरी करावी.

आणि नागपूरहून पेंचला जाताना 44 नंबरच्या हायवेवरचा एक भाग दाखवायला ड्रायव्हरला सांगून ठेवा. जंगलातून जाणारा तो रस्ता काही ठिकाणी खांबांवर उचललाय, खालून जनावरांना वाट मिळावी म्हणून. वरून काही कळत नाही, पण खाली लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघसुद्धा जाताना टिपले गेलेत.

बोरिवली पूर्वेहून

बरं झालं लिहिलंस. पेंचचं एक माझ्याकडून राहिलं. महाराष्ट्राकडच्या पेंचला 2024 च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून आभाळ काळंभोर राखलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. सिल्लारीच्या बाजूला राहा आणि एक रात्र अमावास्येच्या आगेमागे येईल असं बघ. आईंनी लहानपणी दहिसरला गच्चीवर झोपून जे आभाळ पाहिलं असेल, ते तिथे अजून आहे.

सॅन होजेहून

तुम्हा दोघांचे किती आभार मानू! काल रात्री आम्ही चौघांनी मिळून मेल वाचल्या. मुलीने भाषांतर करून धाकट्याला वानराचं आणि सांबराचं सांगितलं, आणि आता तो घरभर दोघांचेही आवाज काढत फिरतोय. कान्हा आणि मेळघाट रद्द. बोरिवली, लोणार, पेंचला तीन रात्री, ताडोबाला तीन. ड्रायव्हर मामेभावाच्या ओळखीतून मिळाला. मधली जामणीची गोष्ट वाचून नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, त्या गावांतले लोक आता कुठे राहतात ते गाइडला विचारू, जमलं तर त्यांच्याकडेच एक वेळ जेवू.

आज सकाळी आईला फोन केला. म्हटलं, पहिल्यांदा बोरिवलीला जाऊ. ती म्हणाली, "म्हणजे कृष्णगिरीला ना?" तिच्या लहानपणी ते नाव होतं म्हणे. आजोबा तिला रविवारी चालत न्यायचे, आणि कान्हेरीच्या एका टाक्यातलं पाणी ओंजळीने प्यायल्याचं तिला आठवतं. ते टाकं नेमकं कोणतं, हे ती आता ओळखून दाखवणार आहे. मी पायऱ्यांचं सांगितलं, तर तिने विषयच बदलला.

ताई, आम्ही रविवारी पोचतोय. सोमवारी बंद, म्हणून मंगळवारी सकाळी सातला तुमच्या दारात येऊ. चहा आईला बिनसाखरेचा.