‘रोगप्रतिकारशक्ती कमी करणारे औषध’: या ‘शक्ती’ला दुसरा शब्द आहे काय?

गोदाकाठ (गंगापूर रोड, नाशिक)

माझ्या आईला गेल्या वर्षापासून आमवात आहे. सकाळी तिची मूठ वळत नाही आणि चहाची कपबशी उचलण्याआधी तिला बराच वेळ बोटे शेकत बसावे लागते. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी लिहून दिली आणि ती तुमची रोगप्रतिकारशक्ती थोडी कमी करील, असे नीट समजावून सांगितले. घरी आल्यावर आईने ती चिठ्ठी घडी घालून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली आणि तीन आठवडे गोळ्या आणूच दिल्या नाहीत. करोनाच्या काळात जो तो प्रतिकारशक्ती वाढवा म्हणून सांगत होता, त्यासाठी आपण गुळवेलीचा कडू काढा प्यालो, मग आता पैसे मोजून तीच शक्ती कमी का करून घ्यायची, असे तिचे विचारणे आहे, आणि मला ते चुकीचे म्हणवत नाही.

मी आरोग्यविषयक माहितीपत्रकांची भाषांतरे करते, त्यामुळे हा शब्द मी आजवर असंख्य वेळा डोळे झाकून लिहिलेला आहे. आता मात्र तो टोचतो. ‘शक्ती जास्त झाली’ अशी तक्रार मराठी माणूस कधी करत नाही. शक्ती असेल तितकी थोडीच. परंतु आमवातात शरीराचे हे काम जोरात आहे की मंद आहे, हा मुद्दाच नसतो. ओळखण्यात चूक झालेली असते: आपल्याच सांध्याच्या अस्तराला परके समजून पेशी त्यावर चालून जातात. पत्रकात ‘प्रतिकारशक्ती’ लिहावे, ‘प्रतिरक्षा’ लिहावे की आणखी काही?

जुना फळा (सिन्नर)

ताई, ‘प्रतिरक्षा’ कृपया नको. तो हिंदीतून आलेला शब्द आहे आणि मराठी वाचकाला त्यातून सैन्य आठवते, शरीर आठवत नाही. मी एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. माझा अनुभव असा की, दोन निराळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो, म्हणून घोटाळा होतो. पोटाच्या बाबतीत आपण असे करत नाही. जठर, आतडी, यकृत मिळून होते ती पचनसंस्था आणि खाल्लेले पचवण्याची जी कुवत ती पचनशक्ती. आम्लपित्त झालेल्या माणसाला ‘तुझी पचनशक्ती वाढली आहे’ असे कोणी म्हणत नाही. त्याच न्यायाने त्वचा, अस्थिमज्जा, प्लीहा, लसिका ग्रंथी आणि रक्तातील पांढऱ्या पेशी या सगळ्यांची मिळून ‘प्रतिकारसंस्था’, आणि गोवर एकदा येऊन गेल्यावर पुन्हा होत नाही ती त्या रोगापुरती ‘प्रतिकारक्षमता’. डॉक्टरांनी ‘प्रतिकारसंस्थेचा चुकीचा हल्ला आवरणारी गोळी’ असे म्हटले असते, तर आईंनी ती त्याच दिवशी आणवली असती.

वैद्य, पंचवटी

गुरुजींची विभागणी पटण्यासारखी आहे, मात्र नवा शब्द पाडण्याआधी घरातला जुना पाहावा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘व्याधिक्षमत्व’ हा शब्द आलेला आहे आणि सगळीच शरीरे व्याधिक्षमत्वाला समर्थ नसतात, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. चक्रपाणिदत्ताने टीकेत त्याचे दोन अर्थ दिले: झालेल्या व्याधीच्या बळाला विरोध करणे आणि व्याधी उत्पन्नच होऊ न देणे. शिवाय ‘क्षम्’ या धातूत सोसणेही आहे. जे अन्न आपण रोज खातो, जे जंतू आतड्यात कायम नांदतात, त्यांच्यावर शरीर चालून जात नाही, ते त्यांना सोसते. ‘शक्ती’ या शब्दात हे सोसणे कोठे आहे?

गोदाकाठ

वैद्यबुवा, सोसण्याचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, पण आईपुढे ‘व्याधिक्षमत्व’ ठेवले तर ती चिठ्ठी आणखी खालच्या खणात जाईल.

सराफ बाजार

इंग्रजीतील ‘इम्युनिटी’ हा शब्द मुळात रोगाचा नाहीच. लॅटिनमध्ये ‘इम्युनिस’ म्हणजे ज्याला सरकारी वेठ किंवा कर माफ आहे तो. आपल्याकडे इनाम जमिनीला सारा माफ असे, हे लक्षात घेतले तर ‘इनाम’ आणि ‘इम्युनिस’ यांचे मूळ एकच असावे, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे. म्हणून ‘रोगमाफी’ हा शब्द सुचवतो.

जुना फळा

लॅटिन अर्थ तुम्ही बरोबर दिलात, पण ‘इनाम’ अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि त्याचा अर्थ बक्षीस, कृपा असा आहे. दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणून ते भाऊ ठरत नाहीत. ‘रोगमाफी’त आणखी एक अडचण आहे: माफी कोणीतरी देतो, आणि येथे तर पेशींना ती कमवावी लागते. अनोळखी जंतू प्रथम आला की नेमक्या त्याच्याशी जुळणाऱ्या पेशी शोधून त्यांची पैदास होण्यास अनेक दिवस जातात. तोवर माणूस तापाने फणफणतो. पुढे त्यांतील काही पेशी आठवण धरून मागे राहतात आणि दुसऱ्या खेपेस तोच जंतू आला तर तयारी फार लवकर होते.

परिचारिका (दिंडोरी तालुका, निवृत्त)

‘शक्ती’पेक्षा ‘लस’ या शब्दाने मी जास्त गोंधळ पाहिलेला आहे. भातलावणीच्या दिवसांत साप चावलेला माणूस बैलगाडीतून, पुढे जीपमधून यायचा आणि नातेवाईक दारातूनच ओरडायचे, “सापाची लस आहे का?” वर्तमानपत्रेही तेच छापतात. वास्तविक ती लस नव्हे. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा टोचतात, त्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे विषाला धरून निकामी करणारी प्रथिने, तयार होतात आणि ती गाळून, शुद्ध करून कुपीत भरतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर त्या एकाच प्रकारची कुपी चालते. लस शरीराला शिकवते आणि त्याला वेळ लागतो. सापाच्या कुपीत शिकलेल्या घोड्याची तयार प्रतिपिंडे असतात, म्हणून ती लगेच लागू पडते, पण काही आठवड्यांत संपते. एका शेतकऱ्याने मला विचारले होते, “बाई, मागच्या साली लस टोचली होती, मग यंदा साप चावला तर काय बिघडलं?” त्या दिवसापासून मी ‘सापाच्या विषाचा उतारा’ असेच म्हणत आले, आणि उतारा कायमचा नसतो हे कोणालाही सांगावे लागले नाही.

सराफ बाजार

‘उतारा’ म्हटले की लिंबू-नारळ ओवाळून चव्हाट्यावर ठेवणे आठवते. लोक मांत्रिकाकडे जातील. रुळलेल्या ‘लस’ शब्दाला आता हात लावू नये.

परिचारिका

माझ्या केंद्रावर तरी कोणी गेले नाही. विषाला उतारा हा शब्द शेतातला आहे आणि तो औषधासाठीच वापरतात.

जुना फळा

‘लस’ हा शब्दच मुळात पाहण्यासारखा आहे. गळू फुटल्यावर किंवा खरूज चिघळल्यावर जो पातळ, चिकट स्राव झिरपतो त्याला आपण अजूनही लस म्हणतो. देवीच्या टोचणीसाठी गायीच्या देवीच्या फोडातला असाच स्राव वापरत. 1796 साली जेन्नरने तो प्रयोग इंग्लंडात केला आणि 14 जून 1802 रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला ती लस टोचली गेली. बगदाद आणि बसऱ्यामार्गे, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचत ती येथवर आणली होती. म्हणजे लस हे त्या स्रावाचेच नाव होते आणि आज ज्या कुपीत स्रावाचा थेंबही नाही तिलाही आपण तेच नाव देतो. ‘लसिका’ ही त्याच घरातली: काखेत, जांघेत, गळ्याला ज्या ग्रंथी असतात त्यांतून वाहणारा द्रव.

द्राक्षबाग (निफाड)

या ग्रंथींसाठी आमच्याकडे ग्रंथातला शब्द लागत नाही. छाटणीच्या दिवसांत पायात बाभळीचा काटा मोडला, की दोन दिवसांनी जांघेत सुपारीएवढी गाठ धरते आणि चालताना ठणकते. आजी हात लावून म्हणायची, “अवधाण आलंय, काटा आत राहिलाय बघ.” काटा पायाच्या तळव्यात आणि गाठ जांघेत, हे तिला कोणी शिकवलेले नव्हते, तरी ती आधी गाठ पाही आणि मग सुई तापवून काटा शोधायला बसे. माझा मुलगा औषधनिर्माणशास्त्र शिकतो. तो म्हणतो, जखमेतले जंतू आणि त्यांचे तुकडे लसिकेबरोबर त्या गाठीत पोहोचतात, तेथे पांढऱ्या पेशी त्यांना पारखतात आणि जुळणाऱ्या पेशींची संख्या वाढते म्हणून गाठ सुजते. मग ‘लसिका ग्रंथीची सूज’ लिहिण्याऐवजी ‘अवधाण’ का लिहू नये? प्लेगलाही जुनी माणसे ‘गाठीचा ताप’च म्हणत, कारण तो याच गाठी गाठतो. 1899 साली आमच्या शेजारच्या भगूरला सावरकरांचे वडील त्याच तापाने गेले.

वैद्य, पंचवटी

‘अवधाण’ म्हणजे ‘अवधान’च असले पाहिजे. अवधान म्हणजे लक्ष. शरीराने जखमेकडे लक्ष दिले, म्हणून ते नाव पडले. याहून सुंदर शब्द शोधून सापडणार नाही.

जुना फळा

वैद्यबुवा, मनाला भावते म्हणून व्युत्पत्ती खरी धरू नये. ‘पानीय’चे ‘पाणी’ झाले तसे ‘न’चे ‘ण’ होऊ शकते, एवढेच मी मान्य करीन. ‘धा’ म्हणजे ठेवणे, ‘अव’ म्हणजे खाली. खाली येऊन साठलेले ते अवधान, असाही अर्थ लावता येतो. दोन्ही तर्कच.

गोदाकाठ

काल रात्री मी आईला अवधाणाची आठवण करून दिली. तिला ते लहानपणी सिन्नरच्या शेतात आलेले होते. मी म्हटले, गाठीतल्या ज्या पेशी तेव्हा काटा ओळखत होत्या, त्यांच्याच जातीच्या पेशी आता तुझी बोटे ओळखायला चुकत आहेत आणि ही गोळी त्यांना थोडे मागे ओढते. ती बराच वेळ बोटे चोळत बसली आणि म्हणाली, “म्हणजे त्यांना माझी ओळख राहिली नाही.” चिठ्ठी खणातून निघाली आहे. गोळ्या चालू असताना रक्ताच्या तपासण्या वेळच्या वेळी कराव्या लागतील, हेही तिने मान्य केले. पत्रकात मात्र कोणता शब्द घालावा हे अजून ठरलेले नाही. गुरुवारी मजकूर छपाईला द्यायचा आहे.

द्राक्षबाग

आईंना बरे वाटो. गुरुजी, एक विचारायचे राहिले: आमच्याकडे ‘ते अवधाण’ म्हणतात, पण माझी पत्नी येवल्याची, ती ‘तो अवधाण आला’ म्हणते. सिन्नरकडे काय म्हणतात?