प्रतिसाद: विमानं टिकली, आठवणींचं काय?

वर कुणीतरी म्हटलंय की विमान म्युझियममध्ये उभं केलं की इतिहास जपला गेला, मला ते पटत नाही. लिबरेटर या बॉम्ब टाकणाऱ्या मोठ्या विमानांचंच बघा ना. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी ही बॉम्बर कानपूरला नासधूस करून भंगारात टाकलेली, एचएएल या आपल्या विमान बनवणाऱ्या सरकारी कंपनीने त्यातली निवडून बंगलोरला नेली, दुरुस्त केली आणि आपल्या एअरफोर्सने ती 1968 पर्यंत चालवली, म्हणून तर जगातल्या म्युझियममध्ये आज जी मोजकी लिबरेटर उरलीत त्यातली बरीचशी आपल्याकडून गेलेली आहेत! कॅनडाला एक दिलं त्याच्या बदल्यात लायसँडर हे तिकडचं जुनं विमान आलं, ते दिल्लीत पालमच्या एअरफोर्स म्युझियममध्ये आहे.

पण ती भंगारातून उभी करणाऱ्या मेकॅनिक लोकांबद्दल आपल्याला काय माहितीये? ही विमानं पुण्यातही होती. आमच्या शेजारचे एक काका, एअरफोर्समधून रिटायर झालेले, त्यांनी एकदा जुनी डायरी दाखवली, पानांना अजून तेलाचे डाग, मधे इंजिनाचं पेन्सिलने काढलेलं स्केच आणि बाजूला बारीक अक्षरात कुठला नट सारखा सैल होतो ते लिहिलेलं. ते गेल्यावर घर आवरताना ती रद्दीत गेली, मी फोटोसुद्धा काढून ठेवला नव्हता, अजून चुटपुट लागते.

तेव्हा ज्यांच्या घरी असे आजोबा आहेत त्यांनी प्लीज या रविवारीच मोबाईलवर रेकॉर्डिंग करा, आणि फोटो स्कॅन कराल तेव्हा मागची बाजूही करा, नावं तिथेच लिहिलेली असतात.