मोस्तारच्या पुलावरच्या उड्या: सण नक्की कुणाचा?

आडवाट (धागाकर्ता)
बोस्नियातल्या मोस्तार गावी दर उन्हाळ्यात जुन्या पुलावरून नदीत उड्या मारायची स्पर्धा होते. पूल वीसेक मीटर उंच, खाली नेरेत्वा. डोंगरातून येणारी नदी, ऐन उन्हाळ्यातही अंगावर काटा आणते. म्हणून पोरं आधी अंगावर गार पाणी ओतून घेतात, मग कठड्यावर चढतात. एक उडी सरळ पायांवर. दुसरी 'लास्ता', हात पसरून डोक्यावर. काठावरचे खडक, गच्च्या, खिडक्या, सगळीकडे माणसं. कठड्यावरचा पोरगा हात पसरतो तेव्हा सगळा काठ एकदम गप्प होतो आणि तो पाण्यातून वर आला की जो गलका उठतो, तो व्हिडिओत ऐकूनही भारी वाटतं.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी: १९९२ मध्ये इथे सर्बांच्या (ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती) तोफांपुढे क्रोएट (कॅथलिक) आणि बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम) एकत्र लढले, १९९३ च्या मे महिन्यापासून तेच एकमेकांवर उठले. १५६६ साली बांधलेला पूल ९ नोव्हेंबर १९९३ ला क्रोएट बाजूच्या रणगाड्याच्या माऱ्याने कोसळला. तसाच पूल पुन्हा बांधून २३ जुलै २००४ ला खुला केला. आतषबाजी झाली, प्रिन्स चार्ल्ससकट पाहुणे आले आणि पोरांनी उड्या मारल्या.

माझं म्हणणं एवढंच की युद्धाने मोडलेल्या गावाला असा जल्लोष लागतोच. एका मित्राने याला 'पर्यटन खात्याची नौटंकी' म्हटलं, त्यावरून वाजलं. म्हणून धागा.

तिरकस
मित्राला माझा नमस्कार सांगा.

या पुलाबद्दल सगळीकडे एकच गोष्ट सांगितली जाते: एका काठावर हे, दुसऱ्या काठावर ते आणि मधे जोडणारा पूल. नकाशा उघडून बघा की राव. युद्धातली आघाडी नदीवर नव्हतीच. ती होती नदीच्या पश्चिमेला, बुलेवार नावाच्या रस्त्यावर. पुलाची दोन्ही टोकं बोस्नियाकांच्याच ताब्यातल्या भागात होती. म्हणजे ज्याने दोन वैऱ्यांना जोडलं म्हणून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, तो पूल त्या दोघांच्या मधे नव्हताच! बुलेवार ओलांडायला पूल लागत नाही, झेब्रा क्रॉसिंग पुरतं. तरी लोक वर्षानुवर्षं ओलांडत नव्हते.

आणि पैसा बघा. जागतिक बँक, तुर्कस्तान, इटली, नेदरलँड्स, खुद्द क्रोएशिया, सगळ्यांनी पुलासाठी हात सैल सोडला. गावात मात्र विद्यापीठं दोन, फुटबॉल क्लब दोन (एकाचा चाहता दुसऱ्याचा स्कार्फ घालून फिरून दाखवेल का?) आणि २००८ ते २०२० नगरपालिकेची निवडणूकच नाही. बारा वर्षं! मतदानाचे नियम कसे असावेत यावर दोन्हीकडच्या पक्षांचं जमेना. अशा गावात उड्या मारून टाळ्या घेणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला चुना.

सई_ड
नकाशाचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष पटत नाही.

पूल दोन वैऱ्यांमधे नव्हता, मग होता कशाला? पूर्व मोस्तार वेढ्यात होतं, पाण्याचे हाल होते. दोन्ही काठांवर अडकलेली माणसं त्याच पुलावरून जीव मुठीत धरून ये-जा करायची. गोळ्या-तुकडे अडवायला त्यावर जुने टायर लटकवले होते, वर आडोसा केला होता. सलोख्याचं प्रतीक वगैरे पाहुण्यांनी चिकटवलं. तिथल्या माणसाला तो पूल म्हणजे पाणी आणायची वाट. ती वाट परत मिळाली म्हणून त्यांनी नाचायचं नाही? बाकीचं अर्धं गाव येईस्तोवर थांबायचं?

आणि विसर कुणालाच पडलेला नाही. पुलापाशी एक दगड ठेवलाय, त्यावर इंग्रजीत रंगवलंय: 'डोन्ट फरगेट ९३'. उड्या बघायला येणारा त्याच्या शेजारून जातो.

गोधडी
लातूरकडची आहे म्हणून लिहावंसं वाटलं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा, आदल्या दिवशी गणपती विसर्जन. पुढच्या वर्षी माझ्या आजोळी गणपती बसवायचा की नाही यावरून मोठं रण पेटलं होतं. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यातल्याच काही बाया म्हणाल्या, बसवा. लेकरांनी काय वर्षभर पत्र्याच्या शेडमधे आमची तोंडं बघायची का? बसवला. वाजंत्री नव्हती, पण आरतीला सगळे आले. तेव्हा सण केला म्हणजे दुःख झाकलं, हे मला पटत नाही.

तिरकस
गोधडीताई, तुमच्या आजोळबद्दल आदर आहे. पण भूकंपात शेजाऱ्याने तुमचं घर पाडलेलं नसतं. आरतीला 'सगळे' आले म्हणता, तिथेच फरक आहे. मोस्तारात घर पाडणारा तीन गल्ल्या पलीकडे राहतो, त्याचा मुलगा वेगळ्या अभ्यासक्रमाचा वेगळा इतिहास शिकतो आणि उड्यांच्या दिवशी घरी बसतो.

झाग्रेबकर
मी क्रोएशियात नोकरीला आहे. माझी एक सहकारी पश्चिम मोस्तारची, क्रोएट. उड्यांचा विषय निघाला की "ते त्यांचं" म्हणून मोकळी होते. वर हेही सुनावते की हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयाने अपिलात २०१७ मध्ये पुलाला लष्करी लक्ष्य ठरवून क्रोएट नेत्यांवरचा त्या एका मुद्द्यावरचा दोष रद्द केला. तिच्याकडे हे सगळ्यांना तोंडपाठ.

पण तिच्या घरी दिवाणखान्यात एक फोटो आहे. तिचे वडील, ऐंशीच्या दशकात, त्याच पुलावरून लास्ता घेताना. छाती पुढे, हात पसरलेले, तोंडावर मिशी. इतक्या वर्षांत तो फोटो कुणी उतरवलेला नाही. मी विचारलं, आता जातात का बघायला? म्हणाली, टीव्हीवर बघतात आणि हल्लीच्या पोरांचे पाय जुळत नाहीत म्हणून शिव्या घालतात.

'घरी बसतो' याचा अर्थ दरवेळी 'नको आहे' असाच होतो असं नाही.

खडूस
अवांतर: याच गावाने २००५ च्या नोव्हेंबरात ब्रूस लीचा पुतळा उभारला होता. का, तर तो ना क्रोएट, ना सर्ब, ना बोस्नियाक! सगळ्यांनी लहानपणी त्याचेच सिनेमे बघितलेले. हाँगकाँगच्याही एक दिवस आधी उभारला. आणि थोड्याच दिवसांत कुणीतरी त्याची मोडतोड केली. आता बोला. मला तर पुलापेक्षा हाच सोहळा प्रामाणिक वाटतो, कारण त्यात कुणी पूर्वजांना मधे आणलं नाही.

मधली_सुट्टी
सगळे बोस्नियाक-क्रोएट करताय. १९९१ च्या जनगणनेत या गावात जवळपास पाचातला एक माणूस सर्ब होता. त्यातले बहुतेक गेले, त्यांचं कॅथेड्रल १९९२ मध्येच पाडलं गेलं. त्यांच्या नावाची आतषबाजी कधी ऐकली का?

बाकी शाळांबद्दल: तिथल्या जुन्या गिम्नाझियाच्या (माध्यमिक शाळेच्या) इमारतीत २००६ पासून यूडब्ल्यूसीचं (युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस या आंतरराष्ट्रीय संस्थेचं) कॉलेज आहे. आपल्या पौडजवळचं महिंद्रा कॉलेज त्याच कुळातलं. देशोदेशीची मुलं एका वर्गात बसतात. त्याच इमारतीत स्थानिक मुलं मात्र आपापल्या अभ्यासक्रमाच्या वेगळ्या वर्गांत. हे ऐकून मी कपाळावर हात मारला होता.

आडवाट
सर्बांचा मुद्दा माझ्या मांडणीत नव्हता आणि त्याला माझ्याकडे उत्तरही नाही.

तिरकस, तुमचा रोख असा दिसतो की आधी निवडणुका, शाळा, मग उत्सव. एका स्थानिक शिक्षिकेने युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली, २०१९ मध्ये जिंकली, तेव्हा कुठे २० डिसेंबर २०२० ला मतदान झालं. ती बारा वर्षं उड्या बंद ठेवल्या असत्या तर मतदान लवकर झालं असतं का? पक्षांना काय फरक पडला असता? पोरांचा उन्हाळा तेवढा गेला असता.

तिरकस
बंद ठेवा कुठे म्हटलं मी? 'गाव सावरलं' म्हणून विकू नका, एवढंच म्हणतोय. आणि ती पोरं रोज पर्यटकांत टोपी फिरवतात, पुरेसे पैसे जमल्याशिवाय उडी मारत नाहीत. २०१५ पासून तर रेड बुलचीही स्पर्धा येते. याला गावाचा सण म्हणायचं?

सई_ड
आपली ढोलपथकं सुपारी घेत नाहीत का? म्हणून विसर्जन मिरवणूक पुण्याची राहत नाही? पोरांना गावात दुसरं काम नसेल तर टोपी फिरवू देत. मला खुपतं ते वेगळंच. पाहुण्यांना भाषणात 'जोडणारा पूल' म्हणायचं असेल तर म्हणू देत, पण मग त्या दिवशी त्यांना बुलेवारवरही चालवा. तिथल्या काही इमारतींच्या भिंतींना अजून गोळ्यांची भोकं आहेत.

झाग्रेबकर
बुलेवारचं सुचवलंत ते सहकारीला सांगितलं. म्हणाली, पाहुणे चालतील, पण बाबांना पंच म्हणून बोलावलं तर ते शिव्या घालत का होईना, जातील.

तिरकस
त्यांना बोलावणार कोण, ते विचारा तिला.